बॉथनियाच्या आखातावर पहाटेचे पाच

माझ्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. तिच्या पहिल्या चार पानांवर फूटपट्टीने रकाने आखलेत: वेळ, उंची, बाहेरचं तापमान, वेग आणि शेवटी ‘उरलेलं अंतर’. २५ ऑक्टोबर २०१७ ला मुंबईहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला जाताना समोरच्या सीटच्या पाठीवरचा पडदा जे आकडे दाखवत होता, ते मी दर तासाला त्या वहीत उतरवून घेतले. शेजारच्या बाई मधूनच विचारायच्या, “काय हिशेब मांडलाय हो?” हिशेबच होता. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पृथ्वीचा परीघ किती वेळा फळ्यावर लिहिला त्याला गणती नाही, आणि त्या परिघाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका बैठकीत कापायचा योग निवृत्तीनंतर आला. मला झोप लागणं शक्यच नव्हतं.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी तारीख १० नोव्हेंबरची दिली होती. दिवाळी घरी करायची, भाऊबीज झाली की निघायचं, म्हणजे हाताशी पंधरा दिवस राहतात, असा आमचा विचार. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. डिंकाचे लाडू, खारकेची पूड, अळीव, बाळंतशेपा, माझ्या आईच्या लुगड्याची गोधडी आणि जुन्या मऊ साड्यांची बारा दुपटी. ह्यांनी रद्दीवाल्याचा काटा मागून आणला होता. तो दाराच्या कडीला अडकवून बॅग तोलली तर किलोभर जास्त. भाजणी बाहेर काढली, मग चकल्यांचा डबा बाहेर काढला, मग भाजणी परत आत गेली. गोधडीला मी हात लावू दिला नाही.

दुपारी दोनला घर सोडलं. खंबाटकी, पुण्याबाहेरची गर्दी, एक्स्प्रेस वे, बोरघाट, पनवेल. विमानतळावर पोचेतो साडेआठ वाजले. विमान मध्यरात्रीनंतर दीडचं. ते तिथल्या सकाळी आठला उतरणार, आणि सामान-शिक्के वगैरे आटोपून न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीच्या दारात उभं राहायला साडेदहा. लोक ‘मुंबई ते न्यूयॉर्क किती तास’ विचारतात आणि आपण सोळा म्हणून मोकळे होतो. ते सोळा विमानाचे झाले. साताऱ्याच्या दारातून एडिसनच्या दारात जायला तीस तास लागतात, तेही सगळं वेळेवर झालं तर. मला कुणी विचारलं की मी तीसच सांगते, कारण म्हातारी माणसं त्या सोळाच्या भरवशावर औषधाच्या गोळ्या आणि डबा घेऊन निघतात नि वाटेत अडचणीत येतात.

विमान उडालं आणि पडद्यावरचं इवलंसं विमान उत्तरेकडे तोंड करून निघालं. पश्चिमेला नाही, चक्क उत्तरेला, फार तर किंचित डावीकडे कलून. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

माझ्या वर्गात खिडकीशेजारी जगाचा कापडी नकाशा टांगलेला असायचा, कडा विरलेला. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावली की रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. कितीतरी मुलांनी ती रेघ माझ्यासमोर दाखवली असेल आणि मी ‘शाबास’ म्हटलं असेल. बृहद्वृत्त मी शिकवलेलं होतं. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलाच्या पृष्ठभागावर तयार होणारं वर्तुळ, दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर त्याच वर्तुळावरून; व्याख्या मला झोपेत विचारली तरी येते. पण व्याख्या येणं वेगळं आणि मध्यरात्री आपण अमेरिकेला म्हणून निघालोय आणि खाली अफगाणिस्तान आहे हे बघणं वेगळं. पोटात गोळा आला. वहीत पहाटे साडेचारला मी लिहिलंय, “तुर्कमेनिस्तान!” उद्गारचिन्हासकट. मग कझाकस्तान, मग व्होल्गा नदी. दहावीच्या वर्गांना नकाशात भरायला दिलेली नावं एकेक करून पायाखालून चालली होती.

परत आल्यावर मी काय केलं ते इथेच सांगून टाकते. शाळेतला जुना बारा इंची पृथ्वीगोल रद्दीत निघाला होता, अक्षाचा स्क्रू तुटलेला. तो मी मागून घरी आणला. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. दोरा आपला आपणच वर सरकतो. आपण त्याला कितीही इजिप्तवरून नेऊ पाहिलं तरी ताण दिला की तो निसटतो आणि उत्तरेला जाऊन बसतो: कंदाहारच्या जवळून, व्होल्गेवरून, हेलसिंकीला लागून, नॉर्वेतल्या ट्रोंडहेमच्या जवळून, आइसलँडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलँडच्या टोकाखालून, लॅब्रॅडॉर आणि क्वेबेक ओलांडून खाली न्यूयॉर्कला. सर्वांत वरचा बिंदू पासष्टाव्या अक्षवृत्ताला टेकतो. दोरा कापला आणि फूटपट्टीवर धरला. बरोबर तीस सेंटिमीटर! शाळेच्या दप्तरातली एक अख्खी पट्टी. बारा इंची गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे ४१८ किलोमीटर, त्यावरून १२,५०० च्या थोडं वर. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर कुठेही बघा, हाच आकडा मिळेल.

आणि कापडी नकाशावरची ती सरळ रेघ? तीच वाट गोलावर टाचण्या टोचून दोऱ्याने आखली तर चौतीस सेंटिमीटर भरते, म्हणजे १४,२०० किलोमीटर. नकाशावर जी सरळ दिसते ती सतराशे किलोमीटरने लांबची वाट. ज्यांना मी ‘शाबास’ म्हटलं त्या मुलांना एकदा बोलावून हा दोरा हातात द्यावा असं फार वाटतं. दोरा स्वतःच्या बोटांनी ताणल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही. शिक्षक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, बृहद्वृत्ताची व्याख्या लिहून देण्याआधी पाच पैशांचा दोरा वर्गात न्या.

आता त्या रात्रीकडे.

माझ्या मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, भारतीय वेळेवरच ठेवलेलं. सकाळचे नऊ वाजले त्यात. साताऱ्यात ह्यांचा दुसरा चहा झाला असेल, ऊन ओट्यावर आलं असेल. खिडकीची झडप जरा वर केली तर बाहेर गडद अंधार. वहीत नोंद अशी आहे: ९ वाजता, उंची ३४,००० फूट, बाहेर उणे ५८ अंश, वेग ताशी ८१०, उरलेलं अंतर ६,४००. म्हणजे वाट निम्म्यावर आलेली. पडद्यावर फिनलंडचा पश्चिम किनारा जवळ येत होता आणि पुढे निळी पट्टी होती, बॉथनियाचं आखात. बाल्टिक समुद्राची ती उत्तरेकडची फांदी. एका बाजूला फिनलंड, दुसऱ्या बाजूला स्वीडन. नदीपात्रांचं गोडं पाणी इतकं मिसळतं की तिथला समुद्र फारसा खारटच नाही, आणि हिवाळ्यात उत्तरेकडचा भाग गोठतो. हे मी शिकवलेलं नव्हतं, कधीतरी वाचलेलं होतं, आणि ते तेव्हा आठवून मला उगाचच बरं वाटलं.

मग मी सूर्याचा हिशेब करायला घेतला. दर रेखांशाला चार मिनिटं. ही उदाहरणं आयुष्यभर सोडवून घेतली. साताऱ्यावरून ७४ रेखांश जातो, प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची, म्हणून साताऱ्यात सूर्य घड्याळापेक्षा ३४ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. हे तर आमच्या शाळेतलं ठरलेलं उदाहरण. बॉथनियाच्या आखातावर, २१ रेखांशावर, सूर्याच्या हिशेबाने पहाटेचे पाच होते. तासाभराने पुन्हा मांडलं. पाच. आइसलँडच्या खाली पुन्हा मांडलं. पाचला दहा कमी! मला वाटलं कुठेतरी हातचा विसरले. ग्रीनलँडच्या टोकाखाली तेच, पाचला पाच कमी. लॅब्रॅडॉरवर पोचल्यावर कुठे घड्याळ पुढे सरकायला लागलं.

चूक नव्हती. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी १,६७० किलोमीटरने फिरते. साठाव्या अक्षवृत्तावर वर्तुळ निम्मं होतं, म्हणून वेगही निम्मा, ८३५ च्या आसपास. आणखी वर गेलं की त्याहून कमी. आमचं विमान त्याच सुमाराच्या वेगाने पश्चिमेला चाललं होतं. पृथ्वी आम्हाला सूर्याकडे नेत होती आणि विमान तेवढंच मागे आणत होतं. माझ्या मनगटावर जवळजवळ सहा तास गेले, आणि खिडकीबाहेर पहाटेचे पाच वाजले ते वाजलेलेच राहिले. विमानात सगळीकडे माणसं पांघरुणात मुटकुळी करून झोपली होती. कुणाला तरी उठवून सांगावं असं वाटत होतं. शेजारच्या बाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला आज पहाटच मिळाली मोठी.” मला ते वाक्य फार आवडलं.

त्या थांबलेल्या पहाटेत, माझ्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली असताना, माझी नात जन्मली.

मला काहीच माहीत नव्हतं. लेकीला सतरा दिवस आधी कळा सुरू झाल्या होत्या. मी खंबाटकी ओलांडत असताना तिला जरा बरं वाटत नव्हतं, तिने मला मुद्दाम सांगितलं नाही. मी विमानतळावर इडली खात होते तेव्हा ती आणि जावई दवाखान्यात पोचलेही होते. तिकडे तेव्हा २४ तारखेची भर दुपार. मुलगी झाली ती तिकडच्या २४ तारखेच्या रात्री अकरा चाळीसला.

जावयांनी अर्ध्या तासात साताऱ्याला फोन लावला. ह्यांनी पायात चप्पल अडकवली आणि आधी पेढे आणायला गेले. मुलगी झाली की बर्फी वाटतात असं कुणीतरी म्हणालं, पण सातारकर माणूस, ह्यांनी कंदी पेढेच वाटले. साडेदहापर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. दूधवाल्याला कळलं, पोस्टमनला कळलं, माझ्या शाळेत कळलं. मी आजी झाल्याची बातमी ज्या एका माणसाला कळायला हवी होती, ती मी, जमिनीपासून दहा किलोमीटर वर आकडे लिहीत बसले होते. चाकं टेकली तेव्हा माझ्या घड्याळात साडेपाचला पाच कमी होते. फोन चालू केला आणि सगळे निरोप एकदम आले. सर्वांत वर जावयांचा होता: “आई, मुलगी झाली. दोघीही छान आहेत. सावकाश या.” सवा आठ तास जुना निरोप.

मी रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता माझी पिशवी वरून काढून दिली.

दवाखान्यात पोचले ती डिंकाच्या लाडवांच्या बॅगेसकट. नातीला हातात घेतलं. लेक म्हणाली, “आई, तू यायच्या आत आली बघ.” आणि पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल, तर मी तेव्हा कुठे होते? आईची लेक बाळंत होते तेव्हा आई दाराबाहेर असते, माजघरात असते, निदान त्याच गावात असते. मी कुठल्या गावात होते? मग वही काढली. नऊची नोंद, दहाची नोंद, मधली दहा मिनिटं. बॉथनियाचं आखात.

तारखेचा घोळ मात्र पुढे दोन वर्षं चालला. ह्यांच्या डायरीत स्वच्छ लिहिलेलं होतं: २५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ९.१०. त्यांच्या बाजूने ते अगदी खरं. त्यांनी तीच तारीख, तीच वेळ आणि जन्मस्थळ न्यू जर्सी असं सांगून पत्रिका करून घेतली. म्हणजे वेळ साताऱ्याची, जागा तिकडची. लग्नरास पूर्ण चुकली, आणि साडेनऊ तासांत चंद्र पाचेक अंश पुढे गेला तो वेगळाच. मी ते लक्षात आणून दिलं तेव्हा ह्यांना मनापासून वाईट वाटलं. पुन्हा नव्याने पत्रिका केली, २४ ऑक्टोबर, रात्री ११.४०, तिकडची उन्हाळी वेळ. मला ह्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपली तिथी ठरते ती चंद्र-सूर्यातल्या अंतरावरून, आणि ते अंतर एका क्षणी साऱ्या पृथ्वीवर एकच असतं. एडिसनला रात्र होती, साताऱ्यात ऊन होतं, माझ्या खिडकीत पहाट होती. तारखाही दोन होत्या. पण त्या क्षणाची तिथी तिघांनाही एकच. पंचांगवाल्यांनी वापरलेलं हे माप अंतराला बधत नाही.

साडेपाच महिने राहिले. तिथे लेकीकडून चालत जाता येईल इतक्यात मराठी घरं, गुढीपाडव्याला गुढ्या, कोथिंबिरीच्या जुड्या मिळणारी दुकानं. एका रविवारी जावयांनी विचारलं, “आई, कुठे जायचं?” ते न्यूयॉर्कचा पुतळा वगैरे म्हणत होते. मी म्हटलं, “रोझेलला.” न्यूअर्क विमानतळापासून मोटारीने वीस मिनिटांवरचं साधं गाव, सावलीचे रस्ते, लाकडी घरं. आनंदीबाई जोशी ह्याच गावात कार्पेंटर कुटुंबाकडे येऊन राहिल्या होत्या. ७ एप्रिल १८८३ ला त्यांनी कलकत्त्याची धक्क्याची पायरी सोडली आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा. नवरा बरोबर नाही, आई बरोबर नाही. १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. मी त्या रस्त्यावर गाडीतून उतरून दोन मिनिटं उभी राहिले. नात माझ्या आईच्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळलेली होती. त्या बाईने जन्म दिलेलं बाळ दहा दिवसांत गेलं, आणि त्यातूनच डॉक्टर व्हायचं तिने मनात घेतलं. तिचे अठ्ठावन्न दिवस आणि माझे तीस तास ह्यांची तुलना करायची मला हिंमत नाही. तिथे नुसतं जाऊन यावंसं वाटलं.

मधली वर्षं थोडक्यात. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. आता मधे न उतरता एका दमात. बोइंग ७७७ च्या मोठ्या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर येतात, तसे अठरा. इतकं वजन उचलून ते उडतं आणि वाटेत जाळत जाळत हलकं होतं, म्हणून सुरुवातीला खाली आणि नंतर वरच्या थरात जातं. माझ्या वहीतला उंचीचा रकाना पाहिला की ते पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेलं दिसतं.

परतीच्या प्रवासात, २०१८ च्या एप्रिलमध्ये, त्याच वहीत मी दुसऱ्या बाजूने लिहीत आले. वेगाच्या रकान्यात १,०४० असा आकडा आहे. जाताना ८१०, येताना १,०४०! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम पाठीशी होता. सोळा तासांची वाट चौदा तासांत संपली. तीस सेंटिमीटरचा दोरा तोच. लेकीला मागे ठेवून निघाले होते, मला काही घाई नव्हती, आणि नेमकं तेव्हाच वारं ढकलत होतं.

गेल्या वेळी, २०२५ च्या ऑक्टोबरात, नातीच्या आठव्या वाढदिवसाला गेले. ह्या खेपेस पडद्यावरचं विमान उत्तरेला वळलंच नाही. सरळ समुद्रावर गेलं, ओमानच्या रोखाने. २०२५ च्या एप्रिलअखेरीपासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे आणि त्यांच्या विमानांना आपलं. २०१९ मध्येही असंच काही महिने झालं होतं. रशियाचं आकाश तर २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद. म्हणजे दोऱ्याने दाखवलेली ती सुंदर वाट कंदाहार-व्होल्गा-हेलसिंकी, ती गोलावर आहे, आकाशात सध्या तिच्यावर कुणी नाही.

घरी आल्यावर पुन्हा गोल काढला. मुंबई, मस्कत, इस्तंबूल, न्यूयॉर्क अशा टाचण्या लावल्या. दोरा एकतीस सेंटिमीटरच्या किंचित वर भरला. मला वाटलं होतं खूप वाढेल. फक्त साडेचारशे किलोमीटर वाढलं, कारण मुंबई समुद्रकाठी आहे, तिला पश्चिमेला सरकायला मोकळं दार आहे. मग दिल्ली धरली. दिल्ली ते न्यूयॉर्क सरळ दोरा २८ सेंटिमीटर, म्हणजे ११,७५० किलोमीटर. दिल्ली मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटरने न्यूयॉर्कला जवळ. पण आता दिल्लीहूनही त्याच टाचण्यांवरून गेलं तर दोरा ३२ सेंटिमीटर होतो. सोळाशे किलोमीटर जास्त, दोन तासांचं इंधन जास्त. दिल्लीहून जाणारी काही विमानं त्यामुळेच युरोपात इंधनाला उतरू लागली. आणि ह्या वाटेने मोजलं तर न्यूयॉर्क आता मुंबईला जवळ आणि दिल्लीला लांब! सातवीच्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बाई, शहरं कशी सरकतील? दोरा टाचण्यांतून नेऊन दाखवला की पटतं. ज्या घरची मुलगी तिकडे आहे आणि जी आई दिल्लीहून निघते, तिच्या पायांना सूज येण्याचे ते दोन तास आहेत, आणि त्याचं मला खरंच फार वाईट वाटतं. भांडण जमिनीवरचं असतं, वळसा आकाशात पडतो.

त्या खेपेस वही नेली नव्हती. सहा तासांची पहाट मिळाली नाही. खालच्या वाटेने पृथ्वी विमानापेक्षा भरभर फिरते, तुर्कस्तानच्या पुढे उजाडायला लागलं आणि मी झोपून गेले.

नातीच्या खोलीत तिच्या बाबांनी आणलेला छोटा पृथ्वीगोल आहे, आत दिवा लागणारा. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ती मला म्हणाली, “आजी, आई म्हणते मी जन्मले तेव्हा तू हवेत होतीस. कुठे?” तिचं मराठी छान आहे, ‘हवेत’ म्हणताना तिने दोन्ही हात पसरले. मी गोल फिरवला. फिनलंड आणि स्वीडनच्या मधे बोट ठेवलं. एवढ्याशा गोलावर आखाताचं नावही छापलेलं नव्हतं, नुसती निळी फट.

“इथे? पाण्यावर?”

“पाण्यावर. पहाटेचे पाच वाजले होते.”

“पण मी तर रात्री जन्मले.”

“हो. आणि आजोबा ऊन खात बसले होते.”

तिने दप्तरातून बॉलपेन काढलं आणि माझं बोट होतं तिथे ठिपका काढला. दिवा लावून पाहिलं तेव्हा तो थोडा फिनलंडच्या जमिनीवर गेलेला दिसला. तिने विचारलं, “बरोबर आहे ना?” मी म्हटलं, “बरोबर आहे,” आणि वहीतला नऊचा आणि दहाचा आकडा मनात पुन्हा एकदा मांडून पाहिला. नऊ वाजता आम्ही किनाऱ्याच्या अलीकडे होतो, नऊ वाजून दहाला पलीकडे. सहा-सात मिनिटांचाच फरक.